शेपटीवालं प्रथिन

वहिनीनं ते प्रथिन पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. दुखावलेल्या पेशींमध्ये जे विष साठतं, ते निकामी करणारं. परीक्षानळीत त्याची कमाल बघावी. पण पेशीत शिरायचं म्हटलं की स्वारी दारातच अडायची. पेशीचा पडदा त्याला काही केल्या आत घेईना.

मग तिची नणंद, चिंगी, त्याच प्रयोगशाळेत लागली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमकडे शब्द टाकला होता तो वहिनीनंच. चिंगीनं प्रथिनाच्या जनुकाला एक छोटासा तुकडा जोडला आणि शेपटीसकट एकसंध प्रथिन तयार झालं. शेपटी पडद्यातून आत घुसायची आणि प्रथिनालाही ओढून न्यायची. मरायला टेकलेल्या पेशी तगल्या. सगळे सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाले. वहिनीनंही डोळा लावला, "छान" म्हणाली आणि काचेची भांडी विसळायला निघून गेली.

घरी सासूबाईंना दुसरा विषय सुचेना. "आमच्या चिंगीनं औषध शोधलं!"

"औषध कसलं आई, अजून उंदरांवरसुद्धा बघितलं नाही," चिंगी म्हणायची. "आणि प्रथिन वहिनीचंच आहे. मी नुसती शेपटी लावली."

हा मोठेपणाच वहिनीला जास्त झोंबायचा. पोरीनं मिरवलं असतं, तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढचा प्रयोग उंदरांवर होता. त्यांच्या कानांना सूज आणणारं द्रव्य लावलं. मग निम्म्यांना शेपटीवाल्या प्रथिनाचं मलम आणि निम्म्यांना बिनशेपटीचं, म्हणजे वहिनीचं मूळ. पिंजऱ्यांवर फक्त निळी नाहीतर हिरवी खूण. कुठली कशाची, ते एकट्या मॅडमना ठाऊक. कानाची जाडी मोजायला वहिनीच हवी, असा चिंगीनं हट्ट धरला. "तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही."

मोजायचं उपकरण चिमट्यासारखं होतं. जरा दाबलं की कान पातळ भरायचा, सैल धरलं की जाड, म्हणजे जास्त सुजलेला. वहिनीनं मलमाच्या डब्या पाहिल्या. निळ्या डबीतलं किंचित गढूळ होतं. शेपटीवालं प्रथिन नेहमी गढूळ व्हायचं, हे तिला माहीत होतं. म्हणजे निळं चिंगीचं!

पहिल्या निळ्या उंदराच्या कानावर तिचा हात आपसूक सैल पडला. दुसऱ्याच्या वेळी तिला ते कळलं. तरीही तिनं तो तसाच ठेवला, शेवटच्या उंदरापर्यंत.

दुपारी मॅडमनी खुणा उघड केल्या. "हिरवं शेपटीवालं, निळं बिनशेपटीचं. अगं चिंगे, केवढा फरक पडलाय!"

टाळ्या वाजल्या. वहिनीच्या कानशिलांत जाळ झाला. आपल्याच प्रथिनाला तिनं आपल्याच हातानं पाडलं होतं आणि चिंगीचं यश फुगवलं होतं. चिंगी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली.

"सोड मला," वहिनी म्हणाली. "कान परत मोजून घ्या. आत्ता, सूज आहे तोवर. मी नको, दुसरं कुणीतरी."

"का गं?"

"निळ्यांना मी हात सैल सोडला. मला वाटलं, ते तुझं आहे."

चिंगीला समजायला थोडा वेळ लागला. मग ती मागे सरकली. मॅडमनी लगेच प्रयोगशाळेच्या पशुवैद्याला बोलावून घेतलं. त्यानं सगळे कान पुन्हा मोजले. फरक बराच घटला. पण होता, आणि खरा होता. शेपटीवाल्या प्रथिनानं सूज उतरवली होती.

चिंगी त्या दिवशी वहिनीसाठी न थांबता एकटीच घरी गेली. जेवताना सासूबाईंनी विचारलं, तेव्हा "चांगलं झालं" एवढंच म्हणून उठली. वहिनीचं नाव तिनं घेतलं नाही, चांगल्यालाही नाही आणि वाइटालाही नाही.

सकाळी प्रयोगशाळेत ती वहिनीच्या टेबलाशी आली.

"यापुढे तुझ्याकडून काही मोजून घेणार नाही."

"नकोच घेऊस."

"पण प्रथिन तूच शुद्ध करून दे. मी केलं की गढूळ होतं. उंदरांसाठीचं शेपटीवालंही मी मॅडमच्या हातापाया पडून त्यांच्याकडून गाळून घेतलं होतं. तुझ्या प्रथिनाचं मलम मात्र मीच कालवलं, म्हणून ते गढूळ झालं."

वहिनीला बरं वाटलं. पण आता आपण राबायचं आणि नाव हिचं होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"दुपारपर्यंत देते," ती म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली.