भिकामामांच्या खिशातले तीन फ्यूज

२००६ साली मखमलाबादच्या पलीकडच्या मळ्यांत भारनियमनाच्या वेळापत्रकाला देवाच्या खालोखाल मान होता. पेपरातून कापलेला तो कागद घरोघरी भिंतीवर चिकटवलेला असे. दळण, पिकाला पाणी, पोरांचा अभ्यास, सगळं त्याच्याच हुकमानं चाले. इथवर ठीक होतं. पण हिरामण वायरमन त्या कागदावर आपला जीवही सोपवून मोकळा झाला होता.

हिरामणच्या हातात कसब होतं, यात वाद नाही. फक्त काम करताना तो मेन स्विच कधी बंद करत नसे. "दहा ते दोन लाईटच नाय, मग बंद काय करायचं?" असं म्हणून मनगटावरचं घड्याळ पुढे करायचा. लोकही त्याच्या या धाडसाचं कौतुक करायचे, आणि हे तर आणखी वाईट.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना नवसाबाईंच्या विहिरीवरची केबल जळाली. एकरभर झेंडू पाण्यावाचून माना टाकायला लागला होता. दसऱ्याचा बाजार हुकला की तीन महिन्यांची मेहनत उकिरड्यावर जाणार होती. हिरामण साडेअकराला आला आणि विहिरीमागच्या चिखलात अनवाणी बसून केबल सोलू लागला. मेन स्विचची पेटी तिथून पन्नास पावलांवर, बांधावरच्या खांबाला होती.

तेवढ्यात भिकामामा आले. हिरामणच्या बायकोचे हे मामा, लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. जावयाच्या हातातली उघडी तार पाहून ते थबकले.

"मेन बंद केला?"

"मामा, दोनपर्यंत लाईट नाय."

"कोण म्हणतं?"

"पेपर म्हणतो." हिरामण हसला. "अन् हे घड्याळ."

"घड्याळ वेळ सांगतं. तारेत काय हाय ते नाय सांगत."

"तुमचं बरं होतं मामा, तासभर विडी ओढली तरी पगार चालू. इथं नवसाबाईचा झेंडू सुकतोय."

चिखल तुडवत मामा बांधावर गेले. मेन स्विच बंद केला, पेटी उघडून आतले तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. मग परत येऊन विहिरीच्या कठड्यावर बसले.

"नुसता बंद करून भागत नाय," ते म्हणाले. "बंद केलेला मेन कोणीबी चालू करतं. माझ्या खिशातले फ्यूज कोण लावणार?"

"बसा मग राखण करत," हिरामण पुटपुटला आणि तारांना पीळ देऊ लागला.

सव्वाबाराला शेजारच्या मळ्यातली मोटार घुमायला लागली.

हिरामणचे हात जागच्या जागी थिजले. लाईट आली होती, पावणेदोन तास आधी!

मळ्याच्या दुसऱ्या टोकाला नवसाबाईंनी फुलांची पाटी खाली टाकली आणि त्या बांधाकडे धावल्या. लाईट आली की आधी पळत जाऊन मेन चालू करायचा, मग बाकीचं. त्या वर्षांत सगळ्याच मळेकऱ्यांना ही सवय लागली होती, कारण आलेली लाईट किती टिकेल याचा भरवसा नव्हता. विहिरीमागचा हिरामण त्यांना दिसत नव्हता; त्याचं काम उरकलं असेल असंच त्यांना वाटलं. हिरामणला मात्र त्यांचा पेटीकडे जाणारा हात दिसला. मामांच्या खिशातले फ्यूज तो साफ विसरला. चिमटीतली तार सोडावी हेही त्याला सुचेना.

नवसाबाईंनी दांडा वर केला.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा एकदा खालीवर करून पाहिलं आणि तिथूनच विचारलं, "हिरामण भाऊ, मोटार का धरंना?"

मामांनी खिशातले फ्यूज काढून तळहातावर धरले.

"कळवणकडं नोकरीला असताना फकिरा माझा जोडीदार होता," ते हळू आवाजात म्हणाले. "तो खांबावर, मी स्विचवर. एकला चालू कर, तोवर उतरतो म्हणाला. माझ्या घड्याळात एक वाजला, मी चालू केलं. त्याचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं. त्याच्या बायकोला, कुसाबाईला, मी अजून तोंड दाखवलं नाय."

एवढ्यात नवसाबाई विहिरीशी आल्या. हिरामणच्या हातातली तार पाहिली आणि मटकन खाली बसल्या. "माझ्या हातून गेला असता रे तू," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडू लागल्या.

ते रडणं हिरामणला सोसवेना. आपण मेलो असतो, हे त्याला कळलंच होतं; पण या बाईला जन्मभर फकिराच्या जोडीदारासारखं जगावं लागलं असतं, हे आत्ता कळलं. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून कठड्यावर ठेवलं. मामांच्या हातातले फ्यूज आपल्या खिशात घातले, उठून मेन बंद करून आला, तारेला टेस्टर लावून पाहिला आणि मगच कामाला हात घातला. दीडच्या सुमारास झेंडूला पाणी लागलं.

मंडळी, वीज बंद आहे असं कागद सांगो, घड्याळ सांगो की खुद्द शेजारी सांगो, मानू नका. मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि तारेलाच विचारून खात्री करा. पन्नास पावलं चालायचा कंटाळा करणारा माणूस आपला जीव तर घालवतोच, शिवाय दुसऱ्या कुणाला तरी, काही गुन्हा नसताना, जन्मभर तोंड लपवायला लावतो.