भिंतीवरचा लाल उजेड

किनुएबाईंची गाडी सकाळी पुन्हा मेली होती. किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं आणि सगळं गप्प. महिनाभरात हे इतक्यांदा झालं होतं, की शेजारचे रोकुरोकाका आता बोलावण्याचीही वाट बघत नसत. आपला छोटा ट्रक घेऊन यायचे, दोन्ही बॅटऱ्या वायरींनी जोडायचे आणि गाडी घरघरली की एक टोमणा मारून जायचे.

"तुझी आई स्वतः झोपते, गाडीला मात्र रात्रभर जागवते," आज ते चिझुरूला म्हणाले. "कालही शेडमध्ये उजेड होता, मी माझ्या घरातून बघितला. दिवे बंद करायला विसरते, दुसरं काय. वय झालं."

हे चिझुरूला काकांच्याच फोनवरून आधी कळलं होतं, म्हणून तर ती हिरोशिमाहून आली होती. आई अठ्ठ्याहत्तरची. सोमवारी तिला पोलीस ठाण्यात न्यायचं आणि गाडीचा परवाना परत करून टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं. इथे म्हातारी माणसं आपणहून परवाना परत करतात, त्यात नवल नाही. पण या दरीतली बस बंद होऊन जमाना झाला. दुकान डोंगरापलीकडे, दवाखाना त्याच्याही पलीकडे. गाडी गेली की घर गेलं, हे चिझुरूला काय कळत नव्हतं? मग आईला उचलून शहरातल्या आपल्या दोन खोल्यांत न्यायचं, आणि ती दिवसभर खिडकीशी बसून राहणार. पण विसरायला लागलेल्या बाईला घाटात गाडी चालवू तरी कशी द्यायची? उद्या कुणाच्या अंगावर घातली म्हणजे?

काका गेल्यावर तिचा तोल सुटला. "अगं आई, दिव्याचा एक खटका तो. तेवढाही लक्षात राहत नाही तुझ्या?"

किनुएबाई पडवीत मुळ्यांच्या जुड्या वाळवायला बांधत होत्या. "असेल बाई," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल."

चिझुरूला हे नवीनच होतं. ज्या बाईनं नवऱ्याला, सासूला, मासेवाल्याला, कुणालाही आयुष्यात शेवटचा शब्द बोलू दिला नाही, ती चक्क माझं चुकलं म्हणते. म्हणजे डोकं खरंच चाललं की काय हिचं?

बॅटरी भरावी म्हणून तिनं गाडी दरीतून लांबवर फिरवून आणली. दुपार कलल्यावर परतली आणि गावात सगळे लावतात तशीच लावली, मागे घेत घेत, पाठ शेडच्या भिंतीला आणि तोंड रस्त्याला. किल्ली काढली, उतरली. मागच्या कोपऱ्यातली टोपली घ्यायला वळली, तर भिंत लाल दिसली.

तिनं आधी खटका बघितला. बंद. किल्ली तिच्याच हातात. मग पोट आत घेऊन ती गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली. खालचे दोन्ही दिवे पेटलेले, आणि काचेतला वरचा तिसराही. हा तिसरा रात्रीच्या दिव्यांबरोबर लागत नाही. ब्रेकवर पाय असला तरच लागतो. आणि गाडीत तर कुणीच नव्हतं. आता बोला.

गावभर सगळ्यांच्या गाड्या भिंतीला पाठ लावून उभ्या, त्यामुळे मागचा दिवा बघणार कोण? लांबून दिसायचा तो नुसता उजेड. त्यावरून म्हातारी विसरते हे ठरवून सगळे मोकळे. त्यात आपणही होतो, हे आठवून चिझुरूला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, जरा इकडे ये. गाडीच्या मागच्या बाजूला उभी राहा आणि दिवा लागला, विझला, ते सांग."

गाड्यांतलं तिला फारसं कळत नव्हतं, पण डोळे होते आणि मोबाईलचा उजेड होता. ती पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसली आणि स्टिअरिंगखाली डोकं घातलं. ब्रेकच्या पेडलच्या दांड्यासमोर एक छोटा स्विच होता, त्यातून एक खुंटी बाहेर आलेली. पेडल वर आलं की त्यानं ही खुंटी दाबून धरायची. पण नेमकं तिथेच दांड्याला एक भोक होतं आणि खुंटी त्यातून खुशाल आरपार गेली होती. चिझुरूनं ती बोटानं दाबली.

"विझला," मागून आई म्हणाली.

बोट काढलं.

"लागला."

खाली मॅटवर पिवळट प्लास्टिकचा चुरा पडला होता. भोकात बसवलेली टोपी जुनी होऊन भुगा झाली होती, बस, एवढंच.

"हा चुरा मी परवाही झाडला," आई वाकून बघत म्हणाली. "मला वाटलं, तांदळाच्या बिस्किटांचा आहे."

भोकात आधी कोटाचं बटण घालून बघितलं, ते टिकेना. मग आईनं शेडमधून एक आखूड बोल्ट आणि नट शोधून आणला. चिझुरूनं उताणं पडून तो पकडीनं आवळला. मान अवघडली, कोपर सोलपटलं. गॅरेजमधून नवी टोपी येईपर्यंत तेवढं पुरेसं होतं. पेडल दाबलं, सोडलं.

"लागला. विझला," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं पुन्हा, "विझलेलाच आहे गं."

चिझुरू बाहेर आली. आई भिंतीला हात लावून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रोज रात्री मी तो खटका हात लावून बघायची," किनुएबाई म्हणाल्या. "अंथरुणातून उठून परत यायची, परत बघायची. आणि सकाळी गाडी मेलेली. मग वाटायचं, बघितलं ते स्वप्नातच असणार."

"अगं, मग मला फोन करायचास ना. एवढी घाबरली होतीस, तर एकदा तरी सांगायचंस."

किनुएबाईंनी पदरासारखा एप्रन तोंडाला लावला.

"मला वाटलं, सांगितलं असेल तुला," त्या म्हणाल्या. "आणि विसरले असेन."