पूजेच्या पाटावर बसलेली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक हार्ड डिस्क आहे. काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. आमच्या जातीत सात-आठ वर्षं म्हणजे म्हातारपणच. आणि आधीच सांगून टाकते, माझा कोणावर विश्वास नाही. केबलवर नाही, लॅपटॉपवर नाही, आणि ‘आत्ता नेतो, आत्ता आणून देतो’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही.

त्याला कारण आहे. माझ्या पोटात एक चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक बारीक टोक लिहीत जातं. ते टोक तबकडीला टेकलं की मी संपले. इतक्या नाजूक पोटाच्या बाईला लोक विजारीच्या खिशात घालतात आणि स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून नेतात. मी संशयी होऊ नको तर काय होऊ?

डिचोलीच्या बाजारात, एका औषधांच्या दुकानावर, कृष्णनाथ आणि सुमंगला या नवरा-बायकोचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळ्या, देवळातली नाटकं, सगळं तिथे येतं. कॅमेरा पार्शे गावचा रुद्रेश धरायचा. एडिटिंग सुमंगला करायची. ती ते कुठल्या वर्गात शिकली नाही. चुकत, चिडत, पुन्हा करून बघत शिकली. काम झालं की सगळं माझ्यात ठेवायचं आणि लॅपटॉप रिकामा करायचा, अशी तिथली रीत.

सगळं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. एडिटिंगची फाइल म्हणजे जेवणाची नुसती कृती. कुठला तुकडा कुठे लावायचा, कुठे कापायचा, एवढंच तिला ठाऊक. तांदूळ, नारळ, मासळी म्हणजे शूटिंगच्या मोठमोठ्या फाइली. कृती कितीही जपली तरी तांदूळ नसेल तर ताट रिकामंच.

सुमंगलाने माझं नाव ठेवलं राखणदार. बाईला बाप्याचं नाव! वेशीवरच्या खऱ्या राखणदार देवाला वर्षातून एकदा रोटाचा नैवेद्य तरी मिळतो. मला नाव तेवढं मिळालं. गिऱ्हाइकाने विचारलं, “आमच्या लग्नाचा सगळा असा मगे?” की कृष्णनाथ छाती काढून सांगायचा, “राखणदाराकडे असा. भियां नका.” मला तेव्हाच भीती वाटायची. ज्याच्या नावाचा एवढा गजर होतो, त्याच्या आत डोकावून कोणी बघत नाही.

त्या वर्षी लाटंबार्से गावच्या गंगामावशीचं काम आलं. धालो म्हणजे बायकांनी समोरासमोर रांगा करून म्हणायची गाणी; ती म्हणणाऱ्यांत तिचा आवाज पहिला. तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तिची लेक दिपाली धावत स्टुडिओत आली. धालो खरे पौषात, मांडावर, म्हणजे गावच्या पवित्र अंगणात. पण पौषापर्यंत थांबायला वेळ कुठे होता? गंगामावशी म्हणाली, “मांडार अवेळी पाय ठेवचंय नाय. सोप्यार बसान म्हणतंय.” आणि दोन दिवस सोप्यावर बसून तिने येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली. रुद्रेशने ती टिपली. सुमंगलाने लॅपटॉपवर ती ओळीने लावली.

खंडेनवमीच्या सकाळी तिने ते सगळं माझ्यात उतरवायला लावलं आणि ती हार आणायला खाली गेली. मी शांतपणे लिहीत होते. इतक्यात भटजी आले. स्टुडिओतली आयुधं पाटावर मांडायची होती: कॅमेरे, दिवे, तिकाटणी, मी. कृष्णनाथने लॅपटॉपवरची कॉपीची पट्टी पाहिली, ती बरीच भरली होती; पण पट्टी पुढे पळते, मी मागून लिहीत येते. “झालाच असतला,” तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने केबल उपसली. ओल्या फडक्याने मला पुसलं, कुंकू लावलं, माथ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. पूजलेल्या आयुधाला त्या दिवशी हात लावायचा नसतो. सुमंगला परत आली, मला पाटावर पाहून तिने हात जोडले. इतकी सजलेली वस्तू अर्धपोटी असेल असं कोणाच्या मनात येतं?

दसऱ्याला रुद्रेश मिरवणुकीचं शूटिंग घेऊन आला. लॅपटॉपवर जागा नव्हती. त्याने मला जोडलं, ‘गंगामावशी’ नावाचा फोल्डर दिसला, आणि त्याने लॅपटॉपवरचा पुसला. मग त्या जागेवर मिरवणूक भरली, तिच्यावर दोन लग्नं.

दिवाळीनंतर दिपाली आली. “सुमंगलाताय, आईक तिचो आवाज एकदा ऐकूचो असा. घरात एक शब्द नाय गे आता.”

सुमंगलाने एडिटिंगची फाइल उघडली. पहिली तीन गाणी आली. पुढे सगळे लाल चौकोन. फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही.

“फोल्डर होतो, वहिनी,” रुद्रेश पांढराफटक पडून म्हणाला. “माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“डोळे होते, मगे आत बघूक काय झाला?” कृष्णनाथ ओरडला. “तो म्हापशाचो स्टुडिओवालो तुका चहा कित्याक पाजता, ता आता कळला. त्याका नेऊन दिलंस!”

रुद्रेशने स्टुडिओची चावी टेबलावर ठेवली. “उद्यापासून कॅमेरो तुमीच धरा, पात्रांव.” मालकाला असा शेवटचा ‘पात्रांव’ म्हणून तो जिना उतरला.

मला वाळलेल्या बॅटऱ्या आणि चिकटपट्ट्यांच्या खणात टाकलं. बाहेर संशय वाढत गेला. सुमंगलाने सगळे पासवर्ड बदलले. झाडणाऱ्या बाईची पिशवी ती तिरक्या नजरेने बघायची. म्हापशाचा नंबर दिसला की कृष्णनाथ फोन उचलायचा नाही. दिपालीला वाटू लागलं की हे दोघंच काहीतरी लपवताहेत. बघता बघता सगळे माझ्यासारखे झाले. फक्त ज्या हाताने केबल उपसली, त्याचा संशय कोणी घेत नव्हतं.

एका दुपारी सुमंगलाने मला खणातून काढलं. खणात पडून माझ्या तोंडात काहीतरी घट्ट बसलं होतं, केबल जाईना. तिने टाचणीने माझं तोंड कोरलं, तर लाल पूड निघाली. कुंकू. टाचणी तशीच हातात धरून ती कृष्णनाथकडे वळली.

“अहो, पूजेक डिस्क कोणी मांडली?”

“मी मांडली,” कृष्णनाथ पेपरातून म्हणाला.

“आणि केबल?”

पेपर खाली आला. “पट्टी भरत आयलेली गे. भटजी खोळंबलेले.”

“भरत आयलेली! आणि चोर कोण, तर रुद्रेश?”

 कृष्णनाथ उठला, त्याने स्कूटरची चावी घेतली आणि तो पार्शाला रुद्रेशच्या घरी गेला. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी मागच्या सीटवर रुद्रेश होता. वर येताच तो म्हणाला, “मी डिस्क बघूक आयलंय. तुमका बघूक नाय.” त्याने आणि सुमंगलाने लॅपटॉपचा कोपरा न् कोपरा शोधला. गाण्यांच्या जागी मिरवणूक नाचत होती, कॅमेऱ्याच्या कार्डावरही.

दुसऱ्या दिवशी सगळे मला घेऊन लाटंबार्स्याला गेले. गळ्याला रुमाल बांधून गंगामावशी सोप्यावर बसली होती. कृष्णनाथ उभाच राहिला. “मावशे, माझ्या हातान गेला. तीन गाणी उरली.”

तिने मान हलवून लावायला सांगितलं. स्वतःचा आवाज ती दुसऱ्याच बाईचा असावा तशी, डोळे बारीक करून ऐकत होती. तिसरं गाणं संपलं.

मग ती उठली. तिने दिपालीला हाताला धरून आपल्यासमोर उभं केलं, जशा धालोच्या दोन रांगा उभ्या राहतात. टाळी धरली आणि ओठ हलवले. दिपालीने ओठांवरून शब्द उचलला, चुकली. मनगटावर चापट बसली.

“मगे नीट सांग ना गे!” दिपाली बोलून गेली आणि तिने जीभच चावली. गंगामावशी खांदे हलवून हसत होती, आवाज नव्हता. तिने पुन्हा टाळी धरली.

रुद्रेशला कोणी काही सांगितलं नाही. त्याने कॅमेरा चालू केला. राहिलेली गाणी अशी झाली: ओठ आईचे, आवाज लेकीचा. खरं सांगते, दिपाली बेसूर आहे. पण शब्द सगळे आले.

स्टुडिओत आल्यावर सुमंगलाने ते माझ्यात उतरवलं. पट्टी पूर्ण भरली. कृष्णनाथचा हात केबलकडे गेला, तिने तो हवेतच अडवला. माझ्यातूनच एकेक गाणं उघडून तिने शेवटच्या टाळीपर्यंत ऐकलं. मग हेच सगळं दुसऱ्या एका डिस्कवर ठेवलं, तेही ऐकलं, आणि ती डिस्क लाटंबार्स्याला दिपालीच्या कपाटात पाठवली. एका छपराखाली दोघी नकोत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कोणी असेल. तिला फूल वाहा, नाव ठेवा, हरकत नाही. पण तिला उघडा, आत काय आहे ते शेवटपर्यंत बघा, आणि तेच आणखी एका ठिकाणी ठेवा. संशय घ्यायचाच असेल तर आधी माझा घ्या, रोज घ्या. मी यंत्र आहे, मला लागत नाही. रुद्रेश परत कामाला आला आहे, पण चहा प्यायला तो अजून कृष्णनाथकडे पाठ करूनच बसतो.