जागृतीमहाराजांची पहाट

"उठले! उठले!" महाराजांच्या सभागृहात एकच गलका झाला. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते आणि दुपारपर्यंत लोळणारे माझे भाचा-भाची चक्क उठून बसले होते. शिंपीकाम करणारे आमचे भावोजी हुंदके देऊ लागले. उशिरा उठण्यापायी भाच्याची नोकरी गेली होती, भाचीचं कॉलेज सुटलं होतं. दोघांना घराबाहेर काढायचंच त्यांनी ठरवलं होतं.

जागृतीमहाराजांनी घंटा बडवली. "दोघांना एकच भूत! घोरासुर! रात्रभर अंगाई गाऊन मी त्यालाच झोपवलं!"

"भूत झोपलं, तर आता घोरणार कोण?" मी विचारलं.

"शंकाखोराला बाहेर काढा!"

भुताला टिकटिक सोसत नाही म्हणून सगळ्यांची घड्याळं अन् मोबाइल आदल्या संध्याकाळीच दाराशी काढून घेतले होते. खिडक्यांना जाड काळे पडदे होते. उशिरापर्यंत जप करून सगळेच मेल्यासारखे झोपले होते. तेवढ्यात शेजारच्या शाळेतून पोरांचा कल्ला आला, "मधली सुट्टी!"

माझी धाकटी बहीण झोपेच्या विकारांची डॉक्टर; तीही आमच्यासोबत आली होती. तिनं उठून पडदा ओढला. ऊन भस्सकन आत आलं.

"पाहा!" महाराज ओरडले, "माझ्या घंटेनं सूर्यसुद्धा लवकर वर आला!"

काहींनी टाळ्या वाजवल्या!

"सूर्य वेळेवर आहे," बहीण म्हणाली. "हे घड्याळ मागे केलंय. पोरं रोजच्याच वेळी उठलीत."

भावोजी पोरांकडे वळले. "म्हणजे आळशीच ना?"

"नाही भावोजी. आजारी आहेत. आधी तपासू द्या."

तिनं दोघांच्या झोपेच्या नोंदी ठेवल्या, संध्याकाळची लाळ तपासली. लाळेवरून कळलं, भाच्याच्या शरीरात झोपेची सूचना देणारं संप्रेरकच उशिरा वाढत होतं. भाचीचं मात्र वेळेवर वाढत होतं. पण झोप लागणार नाही या धास्तीनं ती मोबाइलचा उजेड डोळ्यांवर घेऊन जागत पडायची. वरून लक्षण एकच, आतलं कारण वेगळं. त्याला सकाळचं ऊन आणि ठरल्या वेळी औषध. तिला मोबाइल खोलीबाहेर आणि धास्ती घालवणारं समुपदेशन.

भाची कॉलेजात परतली. भाचा थोडा सुधारला आणि दुपारपाळीची नोकरी धरून आहे.

"मग इतकी वर्षं मी शिव्या कुणाला दिल्या?" भावोजींनी विचारलं.

बाबांनो, झोप बिघडली तर भूत शोधू नका आणि पोरांना आळशीही म्हणू नका. डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागला, तर आधी खिडकी उघडा.