डोलकाठीवरची बुजवलेली खाच

मित्रांनो, मी एक जुनी डोलकाठी आहे. डोलकाठी म्हणजे होडीवरचा शिडाचा खांब. आता तुम्ही म्हणाल, होड्यांना तर इंजिनं असतात, मग ही बया आली कुठून? बरोबर आहे तुमचं. इंजिन आलं, शीड गेलं आणि मला कोणी विचारेना. तेव्हा माझ्या मालकाने, धोंडू कोळ्याने, मला होडीवरून उतरवलं आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात, खालच्या आळीच्या तोंडाशी रोवलं. आळीत अकरा घरं. पहिलं घर धोंडूचंच.

धोंडूची एक पद्धत होती. उधाणाचं पाणी आळीत शिरलं, की ओसरल्यावर तो कोयता घेऊन यायचा आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथे माझ्या अंगावर खाच पाडायचा. दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण मानही मिळायचा. आळीत नवी सून आली की सासू तिला आधी माझ्यापाशी आणून खाचा दाखवायची, म्हणजे तांदळाचा डबा घरात किती उंच ठेवायचा ते तिला कळे. खाचा बहुतेक घोट्याएवढ्या उंचीवर होत्या, एक गुडघ्याएवढी.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात मोठं वादळ आलं. त्या वेळी पाणी माणसाच्या कमरेपर्यंत चढलं. धोंडू आजारी होता, तरी भिंत धरत धरत आला. एका हाताने मला धरून कोयता मारला, त्यामुळे खाच वाकडी पडली. आषाढात तो गेला. माझ्या अंगावरची ती त्याची शेवटची खूण.

श्रावणात वस्तीत बातमी पसरली, की वादळाचा धोका कुठे किती ते मोजायला माणसं येणार. त्यामागून दुसरी कुजबुज आली. ज्यांची घरं धोक्याची ठरतील, त्यांना उचलून समुद्रापासून लांब कुठेतरी इमारतीत टाकणार म्हणे. धोंडूचा मुलगा रामदास ते ऐकून जेवेना. समुद्र सोडून कोळ्याने करायचं काय?

नारळी पौर्णिमेला होड्या रंगवतात, तेव्हा मलाही एक हात मिळतो. त्या वर्षी रंगाआधी रामदास कापूस आणि राळ घेऊन आला. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात ना, तशी त्याने ती वाकडी खाच कापूस ठासून, वर राळ ओतून बुजवली. त्याची आई गुणवंती दारातून बघत होती.

"रामदास, तुज्या बापाच्या हातची खाच हाय ती."

"आये, घर रवाला पायजे ना आपलं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

गुणवंती आत वळली. मग माझ्यावर निळा रंग चढला. मी छान दिसत होते, असं सगळे म्हणाले.

भाद्रपदात त्या मोजणाऱ्यांपैकी मेघना नावाची मुलगी मोजपट्टी घेऊन आली. तिने गुणवंतीला सरळच विचारलं, "मावशी, मागच्या वादळात पाणी कुठपर्यंत चढलं होतं? नीट आठवून सांगा हां. वादळ आलं की कुणाला आधी हलवायचं, ते यावरूनच ठरणार आहे."

रामदास मध्येच म्हणाला, "गुडघ्याच्या वर नाय चढलं, मॅडम. ही बगा खूण." आणि मग हळूच, "कोनाला हितून काडनार तर नाय ना?"

"ते माझ्या हातात नाही हो दादा. मी फक्त मोजते."

त्या उत्तरानंतर खरं सांगायचा विचारही त्याने सोडला. गुणवंती मान खाली घालून बोंबील साफ करत राहिली. मेघनाची बोटं माझ्या बुजवलेल्या खाचेवरून फिरून गेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण लाकडाला कुठलं तोंड? तिने गुडघ्याची खूण लिहून घेतली आणि खालची आळी दुसऱ्या यादीत, म्हणजे वादळात नंतर हलवायच्या घरांत, गेली.

पुढच्या पावसाआधी गुणवंती मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि ती खाटेला खिळली. अशात ज्येष्ठाच्या अमावास्येला पुन्हा वादळ आलं. सकाळी गाड्या येऊन पहिल्या यादीतल्या माणसांना शाळेत घेऊन गेल्या. रामदास धावत गेला.

"आमची म्हातारी खाटेवर हाय. तिला घेवा ना!"

"तुमची आळी दुसऱ्या यादीत आहे. गाडी तीनला येईल."

अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. खरं काय ते रामदासला तेव्हाही सांगता आलं असतं. त्याची जीभ रेटली नाही. "आये, होडी बांदून येतंय, मंग उचलून नेतंय तुला," म्हणून तो धक्क्याकडे पळाला. साडेअकराला पाणी माझ्या गुडघ्याएवढ्या खाचेवर आलं आणि तो धक्क्यावरच अडकला. बाराला बुजवलेली खाच बुडाली. शेजारी पोटमाळ्यावर चढले होते. गुणवंतीला काढायला दोघे जण उतरले, पण पाण्याच्या दाबाने तिच्या घराचं दार उघडेना.

"रामदास, खाटेवर पानी आलं रं," असा आवाज मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा आला नाही.

दहाव्यानंतर मेघना पुन्हा आली. रामदासने तिच्यासमोर सुरीने राळ उकरून काढली. "मॅडम, खरी खूण ही. मीच बुजवली व्हती."

"तेव्हा सांगितलं असतं तर पहिल्या गाडीत..." मेघना म्हणाली. नवी खाच पाडायला रामदासचा हात उठेना, म्हणून कोयता तिनेच घेतला. ती खाच आता सगळ्यांत वर आहे.

आळी आज पहिल्या यादीत आहे. घरं हलवणार का, ते अजून कोणी सांगत नाही. रामदासची भीती खोटी नव्हती, हे मी त्याच्या बाजूने सांगते. म्हणून मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मोजपट्टी घेऊन आमच्यासारख्यांच्या दारी आलंच, तर पाण्याबद्दल विचारण्याआधी लोकांना घराची हमी द्या. आणि तुमच्याच दारी कोणी आलं, तर पाणी जिथवर चढलं होतं तिथवरच बोट ठेवा, एक बोटही खाली नको. घर राहावं म्हणून रामदासने खूण बुजवली. घर राहिलं. त्यात त्याची आई नाही.