मनुबाईची चंची

मी एक चंची आहे. हिरव्या खणाची, नाडी ओढली की मिटणारी. माझ्या जातीच्या पोटात पान, सुपारी, तंबाखू असायची. मला मात्र तंबाखूचा वाससुद्धा ठाऊक नव्हता, आणि त्याला कारण मनुबाई.

मनुबाईचं सासर आटपाडीजवळच्या माळावरचं. नवरा मानसिंग फौजेत. लग्नानंतर तो पहिल्यांदा रजेवर आला, तेव्हा शेजारी बसला तरी तोंड दाराकडे करून बोलायचा. रजा संपवून तो गेला आणि मनुबाईच्या जिवाला घोर लागला. अशात एकदा विहिरीवर जाऊबाई धोंडुबाई चारचौघींत म्हणाली, "मने, तोंडाला लय वास येतोय गं तुझ्या. जरा लांबनं बोल."

मनुबाईला वाटलं, कळलं कारण! त्या दिवसापासून तिच्या तोंडावर पदर आला. जात्यावरची ओवी बंद झाली. हसणं तर सोडूनच द्या.

चुलतसासू बयाबाईला हे बघवेना. तिनं एका सकाळी पोरीला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, रक्ताळलेल्या.

"मिश्री लावतीस न्हवं? टाकून दे ती भाजकी तंबाखू पयली," बयाबाई म्हणाली. "सकाळी बाभळीच्या काडीनं दात घास. साल उकळून, मीठ टाकून चुळा भर. आन् जेवल्यावर बडीशेप चघळत जा."

ती बडीशेप ठेवायला म्हणून माझा जन्म झाला. मनुबाईच्या लग्नातल्या चोळीचा खण उरला होता, त्यातून बयाबाईनं मला शिवलं. एका कप्प्यात बडीशेप, एकात ओवा, एकात लवंगा. मी मनुबाईच्या कमरेला बसले आणि तिचीच झाले.

मिश्री सुटताना तिचे फार हाल झाले. डोकं दुखायचं, हात सारखा मिश्रीच्या डबीकडे जायचा. मग ती मला मुठीत घट्ट धरायची. हळूहळू हिरड्या आवळल्या, रक्त थांबलं. तरी पदर काही तोंडावरून हटेना. ज्याच्यासाठी एवढं केलं, तो यायचा होता.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात मानसिंग आला. संध्याकाळी अंगणात बसला, आणि पुन्हा तोंड दाराकडेच! शेवटी मनुबाई धीर करून म्हणाली, "आवं, आता तरी हिकडं बघा की. न्हाई येत आता वास."

"कसला वास?"

"माझ्या तोंडाचा. त्यापायीच तोंड फिरवता न्हवं तुमी?"

मानसिंग बघतच राहिला. "तुझा न्हवं गं! माझ्या तोंडाचा. पलटणीत बिड्या वढून वढून पार घाण झालीया. तुला शिसारी येईल म्हनून मीच बाजूला बघतोय."

मनुबाईच्या तोंडावरचा पदर सुटला आणि ती हसली, सगळे दात दिसतील अशी. तिच्या कमरेला मी गदगदा हलत होते. तसं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग रोज सकाळी दोघं बाभळीखाली काड्या मोडायला जाऊ लागली. पण सीमेवर गडबड सुरू झाली आणि रजा अर्धी टाकून परत या, अशी तार आली. एसटी सुटताना मनुबाईनं मला कमरेवरून सोडलं आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. "बिडीची याद आली की बडीशेप खावा. आन् बिगीनं या."

बिडी सुटली, माझ्यातली बडीशेपही संपली. लढाईही झाली, थांबली. मानसिंग धडधाकट आहे, पण पलटण अजून सीमेवरच आहे आणि रजा काही मिळत नाही. रोज संध्याकाळी तंबूबाहेर बसून तो मला नाकाशी धरतो.

काल त्याचा दोस्त अर्जुना म्हणाला, "रिकामी चंची काय हुंगतोस रं? आन हिकडं. बाजारातनं बडीशेप आनलीया, भरू."

"नगं गड्या," मानसिंग म्हणाला. "दुसरी भरली तर घरचा वास जाईल हिचा."

त्याला कसं सांगू? तो वास कधीच उडून गेलाय. आता मला त्याच्या घामाचा नि बंदुकीच्या तेलाचा वास येतो. तरी तो डोळे मिटून श्वास ओढतो, आणि त्याला काहीतरी मिळतं खरं.

रजा देणाऱ्या साहेबा, याला एकदा घरी धाड. मला त्या कमरेला बसून पुन्हा गदगदा हलायचंय.