चारावाल्या बाबाची पेटी

"पीला बिल्ला फेको, हरा चारा देखो!"

बाबाने आरोळी ठोकली आणि मोहाच्या झाडाखाली जमलेल्या तीनशे माणसांनी ती जशीच्या तशी उचलली. बाबाच्या पुढ्यात लाकडी पेटी होती आणि पेटीत काळी शिळा. सगळ्यांसमक्ष त्याने शिळेवर तणसाची, म्हणजे धानाच्या वाळक्या पेंढ्याची, लहानशी पेंडी ठेवली, वर लाल कापड पांघरले, दोन्ही हात कापडाखाली घातले आणि डोळे मिटून गदागदा हलू लागला. झांजा कडाडल्या. पाच मिनिटांनी कापड उडाले. तणस गायब! शिळेवर वीतभर उंचीचा लुसलुशीत हिरवा चारा उभा होता.

बायांनी पदर पसरले. बाबाने चाऱ्याची एक मूठ उपटून जवळच्या गाईपुढे धरली. चार महिने हिरवे पान न पाहिलेली ती गाय देवीचा चारा म्हणून खात होती की भूक लागली म्हणून, हे कोणी विचारले नाही.

आमचे पाथरटोला म्हणजे धानपट्ट्यातल्या गोरेगाव तालुक्यातला एक टोला, लहानशी वस्ती. यंदा धानाची रोवणी झाली आणि पावसाने पाठ फिरवली. धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या, शेताला पाणी देणारी बोडी आटली. धान नाही तर तणस नाही आणि तणस नाही तर गुरे उपाशी. सरकारने चारा डेपो जाहीर केला, त्यालाही दोन महिने होऊन गेले होते. डेपो कागदावर होता, गुरे कोठ्यात बांधलेली होती. बाबा आला तो या दोहोंच्या मधल्या वाटेने.

त्याची अट एकच होती. आमच्याकडे प्रत्येक गुराच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला टोचलेला आहे आणि त्यावर त्या गुराचा नंबर आहे. तो बिल्ला कापून बाबाच्या टोपलीत टाकायचा.

"पोळ्याले ज्या बैलाच्या पाया पडता, त्याच्याच कानाले भोक पाडता?" बाबा डोळे वटारून विचारी. "अरे, वो बिल्ला नहीं, मारबत है मारबत! जब तक कान में है, मैया तुम्हारे कोठे में पाँव नहीं रखेगी!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी रोगराई मारबतीच्या गळ्यात घालून तिला गावाबाहेर हाकलतो. बाबाने गावाची तीच नस पकडली. मग लोक कापलेला बिल्ला टोपलीत फेकू लागले आणि पोळ्यासारखेच ओरडू लागले, "घेऊन जाय गे मारबत!" ज्याने फेकला, त्याला मूठभर हिरवा प्रसाद. तो गव्हाणीत ठेवायचा आणि कोठा चाऱ्याने भरायची वाट पाहायची.

बाबा दर मंगळवारी येई. पहिल्याच मंगळवारी माझा शेजारी श्यामलाल याने दोन म्हशींचे बिल्ले कापले. प्रसादाची मूठ म्हशीने एका घासात संपवली आणि कोठा रिकामाच राहिला. शुक्रवारी तो म्हशी घेऊन गुरांच्या बाजारात गेला, तर फाटकावरच अडवले. बिल्ल्याशिवाय जनावर आत घेत नाहीत. फाटकाबाहेर छोटेलाल नावाचा दलाल पिकअप लावून उभाच होता. त्याने दोन्ही म्हशी बकरीच्या भावात घेतल्या. हाच छोटेलाल दर मंगळवारी बाबाला आपल्या पिकअपमध्ये बसवून आणत असे. ही गोष्ट सगळ्या गावाला दिसत होती, फक्त कोणी जोडून पाहिली नव्हती.

दुसऱ्या मंगळवारी विधवा धुरपताबाई माझ्या दारावरून निघाली. दोन म्हशींच्या दुधावर ती आणि तिची नात रुची जगतात. तिच्या हातात ब्लेडचे पान दिसले.

"धुरपताबाई, हे कशाला?"

"बिल्ले काढाचे आहेत जी."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? म्हशी उपाशी मरून राह्यल्या. सरकारचा चारा दोन महिन्यांपासून येऊनच राह्यला! बाबाचा तं डोळ्यानं दिसला."

"पुढच्या बुधवारी डेपो उघडणार आहे. जनावरांच्या डॉक्टर नीला मॅडम कालच सांगून गेल्या. बिल्ल्याच्या नंबरावरच चारा मिळेल. तू बिल्ला कापला, की तुझी म्हैस सरकारच्या लेखी नाहीच. आठ दिवस थांब."

"हे आठ दिवस म्हशीच्या पोटाले सांगा ना जी, गुरुजी."

उपाशी माणसाला नुसती अक्कल सांगणे हाही एक प्रकारचा निर्दयपणाच आहे. माझ्या जुन्या कोठ्याच्या छपरावर गेल्या सालची तणस होती. ती त्याच दुपारी उतरवली आणि तिच्या अंगणात नेऊन टाकली. मीठ-गुळाचे पाणी शिंपडल्यावर म्हशींनी तोंड लावले.

"आठ म्हंजे आठ," धुरपताबाई म्हणाली. "नवव्या दिवशी मी तुमचं नाई आयकत."

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माझा मुलांचा वर्ग असतो. नोकरीतून निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, पण मुले समोर बसल्याशिवाय दिवस सरत नाही. त्या दिवशी सहावीतली रुची बाबाच्या चाऱ्याची एक जुडी घेऊन आली. शेजारणीच्या गव्हाणीतून तिने ती मागून आणली होती.

"गुरुजी, याचे सगळे पाते एकाच बाजूले काऊन वाकले?"

उत्तर माहीत असताना गप्प बसणे हे शिक्षकाचे सर्वांत कठीण काम आहे. म्हणून मी उलट विचारले, "खिडकीत ठेवलेलं रोप कुठं वाकतं?"

"उजेडाकडं!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"पाच मिनिटांत?"

"नाई जी," लोकेश म्हणाला. "दोन-चार दिवस लागते."

"आणि बाबाची पेटी कुठं असते?"

"झाडाखाली. तिथं तं चारी बाजूनं उजेड आहे." रुचीचे डोळे बारीक झाले. तिने जुडी उलटी केली, मुळे बोटांनी मोकळी केली आणि त्यातून एक सुरकुतलेला दाणा ओढून काढला. "गुरुजी, हा तं मका! म्हंजे मैयाले बी मका भिजवा लागते?"

ओटा हसण्याने दणाणला. मी म्हणालो, "हसू नका. उगवून पाहा."

मुलांनी दोन मुठी मका रात्रभर भिजवला, ओल्या पोत्यात बांधून मोड आणले, भोके पाडलेल्या जुन्या थाळीत पसरले आणि थाळी विहाराच्या खिडकीपाशी ठेवली. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचे. सोमवारपर्यंत थाळीत माती नसतानाही वीतभर हिरवा चारा उभा राहिला आणि सगळी पाती खिडकीकडे वाकली. लोकेशने गंमत म्हणून चारा थाळीतून उचलून उलटा धरला. मुळे चटईसारखी विणली गेली होती. एक पाते खाली पडले नाही.

रुची त्या उलट्या चटईकडे पाहत राहिली. "मंग बाबा बी उलटाच लपवत असल, शिळेच्या खाली."

"असेल म्हणून चालत नाही, बाई. पडताळून कसं पाहशील?"

रुची म्हणाली, "बाबा म्हणते, तणसाचाच चारा होते. तं त्या तणसाले खूण करू."

मंगळवारी सकाळी छोटेलालने मोटरसायकल माझ्यापुढे आडवी घातली. मुलांचा चारा पाहायला सगळा टोला येऊन गेला होता, त्यामुळे बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली असणार.

"गुरुजी, देवीच्या मामल्यात नका पडू. पोट्ट्यांना काही झालं-गेलं तं?"

"मुलांना काही झालं, तर मी देवीला विचारायला जाणार नाही, छोटेलाल. पोलीस पाटलाकडे जाईन आणि तुझंच नाव सांगीन. आता गाडी बाजूला घे."

त्याने घेतली.

त्या दिवशी मोहाखाली गर्दी दुप्पट होती. दुसऱ्या दिवशी डेपो उघडणार म्हणून बाबा जास्तच चवताळला होता. "आज आखिरी मौका! कल सरकार तुमको सड़ा हुआ भूसा देगी!" त्याने तणसाला हात घातला, तेवढ्यात धुरपताबाई उठली.

"बाबाजी, आज तणस माही घ्या. गरिबाच्या हातची."

बाबा क्षणभर थबकला. पण भरल्या गर्दीत विधवेच्या हातची पेंडी नाकारणार कशी? त्याने ती शिळेवर ठेवली. लाल कापड, झांजा, गदागदा. कापड उडाले आणि हिरवा चारा उभा राहिला.

लोक हात जोडू लागले. धुरपताबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभीच.

"बाबाजी, माह्या तणसाचा चारा झाला जी?"

"हाँ माई! मैया की माया!"

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा! एक काडी नहीं बची!"

"मंग माहा निळा धागा कुठी आहे? पेंडीच्या आत बांधला होता. का धाग्याचा बी चारा झाला?"

मागून कोणीतरी फिसकन हसले. बाबा गुरकावला, "धागा अशुद्ध था! मैया ने जला दिया!"

"जाळला तं राख दाखवा ना जी."

आता हसणे पसरत गेले. रुची थाळी घेऊन पुढे आली. तिने थाळीतला चारा उचलला, सगळ्यांना दिसेल असा डोक्यावर उलटा धरला आणि ओरडून म्हणाली, "हा आमी आठ दिवसांत उगवला! मका आणि पाणी, दुसरं काई नाई! पाहा, उलटा धरला तरी पडत नाई!"

लोक तिच्याकडे पाहत असतानाच धुरपताबाईने पेटीत हात घालून शिळेच्या काठावर जोर दिला. शिळा गर्रकन फिरली. ती शिळा नव्हतीच. डांबर फासलेली फळी होती, मधोमध दोन खिळ्यांवर बसवलेली. एका अंगाने मोकळी, दुसऱ्या अंगाला हिरवी चटई सुतळीने घट्ट बांधलेली. कापडाखाली फळी फिरवली की चारा वर आणि तणस खाली. धुरपताबाईने पेटीच्या तळाशी चाचपडून आपली पेंडी वर काढली. तिच्यात निळा धागा तसाच होता.

बाबा पिकअपकडे धावला. छोटेलालने गाडी सुरूही केली. पण श्यामलाल आधीच तिच्या पुढे जाऊन जमिनीवर मांडी घालून बसला होता.

"अबे, हट जा!" छोटेलालने हॉर्न दाबला.

"नाई हटत. चढव अंगावर. माह्या म्हशी आण, मंग गाडी काढ."

एकेक करत तीसेक माणसे त्याच्या शेजारी येऊन बसली. पोलीस पाटलाने बोलावलेले पोलीस येईपर्यंत कोणी उठले नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबा आणि छोटेलाल दोघांवर गुन्हा नोंदवला गेला. श्यामलालची एक म्हैस छोटेलालच्या वाड्यात सापडली. दुसरी आधीच कुठे तरी पुढे विकली गेली होती, ती परत आली नाही. खोट्या चमत्काराची किंमत अशी असते. पेटी उघडी पडली म्हणून ती किंमत भरून निघत नाही.

बुधवारी डेपो उघडला. धुरपताबाई पहाटेपासून रांगेत होती. तिच्या दोन्ही म्हशींचे नंबर यादीत सापडले आणि तिच्या पुढ्यात एक गठ्ठा आला. तिने हात घालून तणस उपसली, नाकाशी धरली आणि गठ्ठा माघारी लोटला.

"हे बुरसटली आहे जी. बदलून द्या."

"मिळतंय ते घे ना बाई," वाटणारा माणूस वैतागला.

"काऊन घेऊ? भीक मागून राह्यली का मी?"

रांग तिच्या मागे सरसावली. गठ्ठा बदलून मिळाला. ज्यांनी बिल्ले कापले होते, त्यांच्या गुरांना नीला मॅडमनी दोन दिवस टोल्यात बसून नवे बिल्ले लावले. त्यांचा चारा उशिरा आला, पण आला.

बाबानंतर काही जण मला म्हणाले, "गुरुजी, मंग मक्याचाच चारा घरोघरी लावू." जरूर लावा, पण त्यालाही चमत्कार समजू नका. त्यात पाणीच जास्त असते. जोडीला तो बरा, नुसत्या त्याच्यावर म्हशीचे पोट भरत नाही.

सरकार उशिरा येते, हे खरे आहे. मग उशीर का झाला, हे सरकारलाच विचारा, दहा जण मिळून विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. उशिराचा राग येऊन आपल्याच गुराचा हक्क आपल्याच हाताने कापू नका. आणि पाच मिनिटांत चारा उगवून दाखवणारा कोणी पुन्हा आला, तर हात जोडण्याआधी त्याच्या पेटीत हात घाला. खरा असेल तर तो तुम्हाला अडवणार नाही.